नऊशे गाथांपैकी तीनशे बारा : प्राकृत पोथीवरच्या एका पीएचडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विद्यार्थिनीचं आहे. तिचं, तिच्या गाईडबाईंचं, विद्यापीठाचं आणि पोथ्या ज्या संग्रहांत आहेत त्यांचं नाव इथे देत नाही. ग्रंथाचंही देत नाही, कारण या विषयात माणसं इतकी थोडी आहेत की ग्रंथाचं नाव घेतलं की माणूस ओळखू येतो. मी तिला एम.ए.ला प्राकृत शिकवलं आणि पुढे तिच्या संशोधन सल्लागार समितीवर होतो. झाल्या चुकांत माझाही वाटा आहे. तो जिथे आहे तिथे सांगतोच.

मुलगी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. वडिलांची पिठाची गिरणी. संस्कृत घेऊन एम.ए. झाली, मग बी.एड. केलं, नेट झाली. जेआरएफ मात्र थोडक्यात हुकली. म्हणजे प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करायला पात्र, पण दरमहा फेलोशिप नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संशोधन. तो उरलेला वेळ आठवड्याला जेमतेम पंधरा तास होता. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तिला प्राकृतची गोडी लागली. व्याकरण आणि कोश दोन्ही हाताशी असतानाही एखादी गाथा, म्हणजे दोन ओळींचं प्राकृत पद्य, अर्थ देत नाही, आणि मग कळतं की चूक आपली नाही, तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या लेखनिकाची आहे. त्या क्षणी काही विद्यार्थी पुस्तक मिटतात आणि काहींचे डोळे चमकतात. हिचे चमकले. पुण्यात पाठचिकित्सेची, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ग्रंथाचा मूळ पाठ ठरवण्याची, परंपरा आहेच. भांडारकर संस्थेतलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुरं झालं, त्याच्या गोष्टी आम्ही वर्गात सांगतो. त्या आवृत्तीसाठी १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या, हे ऐकून मुलं भारावतात. त्यामागे सत्तेचाळीस वर्षं आणि अख्खी संस्था होती, हे मात्र आम्ही तितक्या ठासून सांगत नाही.

सप्टेंबर २०१७मध्ये तिची नोंदणी झाली. विषय : जैन माहाराष्ट्री प्राकृतातलं एक अप्रकाशित कथाकाव्य, सुमारे ९१० गाथा, त्याची चिकित्सक आवृत्ती, मराठी भाषांतर आणि अभ्यास.

अडचण कशी उभी राहिली

विषय निवडला तो सूचीतल्या एका नोंदीवरून. जैन ग्रंथांच्या पोथ्या कुठे कुठे आहेत हे पाहायला आपण सगळेच आधी ह. दा. वेलणकरांचा 'जिनरत्नकोश' उघडतो. १९४४ साली निघालेलं हे काम आजही मोलाचं आहे. पण ती सूचींची सूची आहे. तिच्यातल्या कित्येक नोंदी त्याही आधी केलेल्या याद्यांवरून घेतलेल्या आहेत, आणि मधल्या काळात कित्येक भांडार, म्हणजे जैनांचे पोथीसंग्रह, हलले, एकत्र झाले, त्यांचे क्रमांक बदलले. पाटणचे वेगवेगळे भांडार १९३९मध्ये एका ज्ञानमंदिरात आले, हे त्याचं ठळक उदाहरण.

हिच्या ग्रंथाच्या नावापुढे सहा पोथ्या नोंदलेल्या होत्या. विषय मंजूर करायच्या बैठकीत मी स्वतः म्हणालो होतो, "सहा पोथ्या म्हणजे आवृत्तीला अगदी योग्य संख्या." त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही त्या सहांपैकी एकीची पहिली आणि शेवटची पानं सोडून काहीही पाहिलेलं नव्हतं.

पत्रव्यवहार सुरू झाल्यावर सहांचं चित्र असं उलगडत गेलं. दोन पोथ्या त्याच नावाच्या, पण वेगळ्या कर्त्याच्या वेगळ्याच ग्रंथाच्या निघाल्या. जैन कथावाङ्मयात एका नायकावर तीन-तीन चरित्रं असतात, त्यामुळे हे नेहमी घडतं. एकीचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. उरल्या तीन : पुण्यातली क, आणि गुजरातमधल्या ख आणि ग. यादीत नसलेली चौथी पोथी, घ, एका दुसऱ्या संग्रहाच्या नव्या सूचीत सापडली. क आणि ख यांच्या प्रती २०१८च्या अखेरीस हातात आल्या. ग असलेल्या संग्रहाकडून दोन वर्षं उत्तरच नव्हतं.

ती थांबली नाही. जानेवारी २०१९ ते फेब्रुवारी २०२० या चौदा महिन्यांत तिने क आणि ख घेऊन २३० गाथांची पाठतुलना, म्हणजे दोन्ही पोथ्यांतला पाठ शब्दाशब्दाने ताडणं, पुरी केली. क पोथी संपूर्ण होती आणि अक्षर मोत्यासारखं, म्हणून तीच आधाराला धरली. ख शेवटी खंडित. मग टाळेबंदी आली, ग्रंथालयं बंद झाली, आणि त्या काळात तिने भाषांतर आणि शब्दसूची पुढे नेली.

नोव्हेंबर २०२०मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने ग आणि घ या दोन्हींची छायाचित्रं ईमेलने आली. घ मध्ये गाथा सुमारे १०५०. म्हणजे १४० जास्त. आणि ग पाहिल्यावर तिला शंका आली ती त्याहून मोठी होती. तिचा फोन आला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "सर, क ही ग वरूनच उतरवलेली असावी. मी आधाराला नक्कल धरली."

नक्कल ओळखली कशी, ते सांगायला हवं. ग च्या एका पानाला कसर लागलेली आहे. एका ओळीत चार अक्षरं गेलेली, खालच्या ओळीत दोन. क मध्ये नेमक्या त्याच जागी लेखनिकाने कोरी जागा सोडून वर बारीक रेघा ओढून ठेवल्या आहेत. चार अक्षरांपुरती एक, दोन अक्षरांपुरती एक. प्रामाणिक माणूस होता. जे दिसलं नाही ते त्याने स्वतःचं घातलं नाही. आणखी एका जागी ग च्या लेखनिकाने चुकीच्या शब्दावर हरताळ लावून तो झाकलेला. आपण मराठीत 'हरताळ फासणे' म्हणतो तो हाच पिवळा हरताळ. क मध्ये तो शब्द मुळातच नाही. मूळ पोथी हाताशी असेल तर तिच्या नकलेची साक्ष मोजायची नसते, हा पाठचिकित्सेतला पहिला धडा. चौदा महिन्यांच्या कामातली अर्धी साक्ष एका रात्रीत निकामी झाली.

समोरचे पर्याय

जानेवारी २०२१मध्ये समितीची ऑनलाइन बैठक झाली. आधी वेळेचा हिशेब मांडला. तिची नोंदणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांखाली होती : कमाल मुदत सहा वर्षं, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत. म्हणजे ताणून सप्टेंबर २०२५. दोन पोथ्यांवर २३० गाथांना चौदा महिने लागले होते; त्या वेगाने, घ मधल्या जादा धरून, उरलेल्या ८२० गाथांना पन्नास महिने. क वगळून पोथ्या तीन झाल्यावर वेग आणखी कमी. भाषांतर, प्रस्तावना, टंकलेखन, पडताळणी वेगळंच.

पहिला पर्याय गाईडबाईंनी मांडला : आवृत्ती सोडून ग्रंथाचा सांस्कृतिक अभ्यास करावा. विषय थोडा बदलून घेता येईल, दोन वर्षांत प्रबंध होईल. बाईंच्या मनात मुलीची काळजीच होती. पण मी विरोध केला, आणि आजही करीन. ज्या ग्रंथाचा पाठच ठरलेला नाही त्यातून अलंकार, खाद्यपदार्थ आणि सणांच्या याद्या काढायच्या म्हणजे पाया न घालता भिंत बांधायची.

दुसरा पर्याय : ग ही जुनी पोथी जशीच्या तशी छापायची, बाकीच्या पोथ्यांतले फरक तळटीपेत द्यायचे. यातून अख्खा ग्रंथ अभ्यासकांपुढे आला असता, आणि ही गोष्ट लहान नाही. पण ग मध्ये कसरीने गेलेल्या जागा होत्या, आणि घ मधल्या १४० गाथा मूळच्या की मागाहून घातलेल्या, हा खरा प्रश्न अनुत्तरित राहिला असता.

तिसरा पर्याय ग्रंथ कापण्याचा. प्रस्तावनेचा भाग आणि पहिली कथा मिळून ३१२ गाथा होतात. तेवढ्यांचीच आवृत्ती, पण सगळ्या पोथ्यांवर, पूर्ण शिस्तीने; आणि सोबत पोथीपरंपरेचा स्वतंत्र अभ्यास. शीर्षकात 'निवडक भाग' हे शब्द घालून घ्यायचे. त्या विद्यापीठात एवढा बदल समितीच्या शिफारशीने होत होता, नव्याने नोंदणी लागत नव्हती.

चौथा पर्याय बैठकीत कुणी मांडला नाही, पण तिच्या घरी तोच चालू होता. गावाजवळच्या शाळेत संस्कृत शिक्षकाची जागा निघाली होती. बी.एड. हाताशी होतं. पगार नियमित. आई रोज फोनवर तेच विचारायची. चांगली नोकरी नाकारून तीनशे गाथांपाशी बसणाऱ्या मुलीला घरच्यांनी काय म्हणावं? अशा वेळी 'ज्ञानासाठी त्याग' वगैरे आपण शिक्षकांनी बोलू नये. ती जागा सोडण्याची किंमत तिला मोजायची होती, आम्हाला नाही.

काय ठरलं, काय केलं

त्या बैठकीत आम्ही निर्णय घेतला नाही, आणि ही या सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत योग्य गोष्ट होती. तिने दोन महिने मागून घेतले. ग्रंथभर विखुरलेल्या चाळीस गाथा निवडल्या, दर पंचविसेक गाथांमागे एक, आणि तेवढ्याच चारही पोथ्यांत ताडून पाहिल्या. पोथ्यांचं नातं आधी, पाठ नंतर. हे काम २०१८मध्येच व्हायला हवं होतं. तेव्हा चार पोथ्या हातात नव्हत्या हे खरं, पण दोन होत्या.

चाळीस गाथांनी बरंच सांगितलं. क नक्की नक्कल. ख आणि ग एका घराण्यातल्या, पण एकमेकींवरून उतरवलेल्या नाहीत. घ वेगळ्या शाखेची. तिच्यातल्या जादा गाथा बहुतेक पुढच्या कथांत होत्या, पहिल्या कथेत फक्त १९. मार्च २०२१मध्ये तिने स्वतःच तिसरा पर्याय निवडला. शाळेच्या जागेसाठी अर्ज केला नाही.

ती गावी जाऊन आली तेव्हाची एक गोष्ट तिने मला सांगितली. वडिलांना तिने मोबाइलवर कसर लागलेलं ते पान दाखवलं, शेजारी क मधली कोरी जागा दाखवली, आणि चौदा महिने वाया गेले असं म्हणाली. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "वाया कसे जातील? दगडाला टाकी लागली म्हण. आता दळण बारीक पडेल."

आणि खरंच वेग वाढला. जैन नागरीतल्या, म्हणजे जैन पोथ्यांच्या देवनागरी वळणातल्या, खोडी तिच्या डोळ्यांत बसलेल्या होत्या : एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून डावीकडे उभी येते ती पडिमात्रा, च आणि व यांतला घोटाळा, ट्ठ आणि ड्ढ मधला, त्थ आणि च्छ मधला. गाथेच्या पहिल्या ओळीत ३० मात्रा, दुसऱ्या ओळीत २७. मात्रा मोडली की तिला वाचतावाचताच ठेच लागायची. वर्तनीचा प्रश्न तिने लवकर मिटवला. दोन स्वरांच्या मध्ये य लिहायचा की नाही, सुरुवातीला न की ण, याबाबत प्रत्येक पोथीची सवय निराळी. अशा फरकांची नोंद दर गाथेखाली न देता प्रत्येक पोथीची सवय प्रस्तावनेत एकदाच वर्णन केली आणि पाठात ग ची वर्तनी ठेवली. त्यामुळे तळटीपांत फक्त अर्थ बदलणारे पाठभेद उरले.

असाच एक पाठभेद गाथा २७४ मधला. नगराचं वर्णन आहे. वारा सुटलाय, आणि त्या वाऱ्याने काहीतरी हलतंय. काय हलतंय? 'वच्छ' वाचलं तर झाडं, 'वत्थ' वाचलं तर वस्त्रं. ख मध्ये स्पष्ट त्थ. ग मधलं अक्षर दोन्हीसारखं दिसतं. घ मध्ये शाई पसरलेली. मात्रा मोजून उपयोग नाही, दोन्ही शब्द तीनच मात्रांचे. आदल्या गाथेत घरांवरच्या पताका आल्या आहेत, म्हणून तिने 'वत्थ' स्वीकारला आणि अर्धं पान टीप लिहिली. मी ती टीप वाचून होकार दिला.

निष्पत्ती

फेब्रुवारी २०२४मध्ये प्रबंध सादर झाला. सहा वर्षं केव्हाच उलटली होती. महिलांसाठीची सवलत घ्यावी लागली. सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध असण्याची अट २०१६च्या नियमांत होती. कसरीची जागा आणि हरताळ यांवरून क आणि ग यांचं नातं सिद्ध करणारा तिचा लेख त्यासाठी कामी आला. जे चौदा महिने गेले असं वाटत होतं, त्यातूनच तो लेख निघाला. दोन्ही बाह्य परीक्षकांचे अहवाल चांगले आले. एकांनी लिहिलं की ग्रंथाचा एक तृतीयांशच भाग हाती आला याची खंत वाटते. खंत रास्त होती. ऑगस्टमध्ये मौखिकी झाली, सभागृहात सोळा-सतरा माणसं होती, वडील मागच्या रांगेत.

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीबरोबर प्राकृत आणि पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी तिला गावाकडून अभिनंदनाचे फोन आले, जणू दर्जा तिलाच मिळाला. प्रत्येक फोनच्या शेवटी एकच प्रश्न : "मग आता नोकरी पक्की ना?" पक्की झालेली नाही. प्राकृतासाठी स्वतंत्र जागा मुळात बोटांवर मोजण्याइतक्या, आणि संस्कृतच्या रिकाम्या जागा भरल्या जाण्याची वाट आमचे कितीतरी विद्यार्थी पाहत आहेत. ती आजही तासिका तत्त्वावर शिकवते, आणि आठवड्यातले तीन दिवस एका संग्रहात पोथ्यांचं सूचीकरण करते, करारावर. या कामात ती अतिशय चांगली आहे. सूचीत 'पूर्ण' लिहिण्याआधी ती प्रत्येक पान मोजते.

काय वेगळं करता आलं असतं

विषय मंजूर होण्याआधी निदान दोन पोथ्यांची सगळी पानं हातात असायला हवी होती. नोंदणीपूर्वीची सहा महिन्यांची वाट परवडते, चौथ्या वर्षी कळलेली नक्कल परवडत नाही. मी आता सूचीतल्या आकड्यावर विषयाला होकार देत नाही. पोथीची छायाचित्रं आण, मग बोलू, असं सांगतो. काही विद्यार्थी यामुळे दुसरा विषय घेतात. घेऊ देत.

आठवड्याला पंधरा तास हा आकडा पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहायला हवा होता. ९१० गाथा, पंधरा तास, आठ वर्षं, हा भागाकार कुणीही करू शकलं असतं. आम्ही तिची बुद्धी पाहिली, तिचं वेळापत्रक पाहिलं नाही. पूर्ण वेळ फेलोशिप असलेला आणि दोन कॉलेजांत धावणारा, या दोघांना एकाच आकाराचा विषय देणं हा अन्याय आहे, आणि तो आम्ही मार्गदर्शक करतो.

तिसऱ्या गोष्टीवर तिचं माझं अजून एकमत नाही. मला वाटतं, ग्रंथ कापायचा ठरल्यावर लगेच पहिल्या कथेला भिडायला हवं होतं, तेच झालं, आणि म्हणूनच प्रबंध पुरा झाला. तिचं म्हणणं असं की आवृत्ती ३१२ गाथांची असली तरी आधी घ पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा वाचून काढायला हवी होती, पाठतुलना न करता, नुसती वाचायची. त्याला तीन-चार महिने गेले असते. मी तेव्हा नको म्हणालो होतो. मुदत डोक्यावर होती.

गेल्या पावसाळ्यात तिने उरलेल्या गाथा हाती घेतल्या. पदवीसाठी आता नाही, प्रकाशनासाठी. शेवटच्या कथेत नायक त्याच नगरात परत येतो, आणि कवीने ते वर्णन जवळजवळ जसंच्या तसं पुन्हा दिलं आहे. तोच वारा, तीच ओळ. फक्त हलणाऱ्या वस्तूच्या जागी तिथे शब्द आहे 'रुक्ख'. ग आणि घ दोन्हींत, अगदी स्वच्छ अक्षरात. ख ची ती पानं नाहीत. आम्ही तपासलेल्या चाळीस नमुना गाथांत ही गाथा नव्हती. रुक्ख म्हणजे झाड, याबद्दल वादच नाही. त्यालाही तीनच मात्रा.

तिने मला दोन छायाचित्रं पाठवली, एकाखाली एक. खाली एवढंच लिहिलं होतं : "सर, २७४ मध्ये वस्त्रं नाहीत. झाडंच आहेत."